लोटलेलं दार

घर घेतल्यावर लोक आधी स्वयंपाकघर बघतात. मी कुलूप बघायला निघाले. न्युरेम्बर्गजवळच्या या छोट्या घराचा ताबा मिळाला त्याच संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "पुढचं दार बदलू या." तो खोकी उतरवत होता. म्हणाला, "आधी दिवे लावू या का?"

बारा वर्षं आम्ही भाड्याच्या घरांत काढली. तिथे भिंतीत मोठा खिळा ठोकायचा तरी फरमीटरला, म्हणजे घरमालकाला, विचारायचं. आता दार आपलं, चौकट आपली. त्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर, दिवसभर गिअरबॉक्सच्या दातांशी माझी गाठ. नवं कुलूप निवडायचं या कल्पनेनंच मी इतकी हरखून गेले होते, की पहिल्या रात्री गादीवर पडल्या पडल्या कॅटलॉग वाचत होते. पण हौस हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं पुण्यात बसलं होतं आणि "मी काही येत नाही" म्हणत होतं.

ते कारण म्हणजे माझ्या सासूबाई.

आदल्या हिवाळ्यात त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आमच्याकडे पाहुणा निघाला की एक निरोप सोफ्यावर होतो, दुसरा दारात, आणि खरं बोलणं गाडीपाशी. सासूबाई या बाबतीत फारच कर्तव्यदक्ष. एका दुपारी नवऱ्याच्या ओळखीचं एक जोडपं त्यांना भेटून निघालं. आम्ही दोघं ऑफिसात होतो. सासूबाई त्यांना पोचवायला खाली उतरल्या आणि मागून येणाऱ्या नातीला म्हणाल्या, "दार लोटून घे गं."

माझी लेक तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं असा आमचा समज होता, बोलते मात्र जर्मन. तिनं शहाण्या मुलीसारखं दार धरलं आणि खाडकन ओढून घेतलं.

इथल्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता एक घट्ट गोळा असतो. दार मिटलं की खटका पडतो, आणि किल्ली नसेल तर तुम्ही बाहेर. खाली इमारतीचं दारही तसंच. गाडी निघून गेली तेव्हा त्या दोघी रस्त्यावर होत्या, घरातल्या सपाता घालून, उणे सहात. शेजारच्या घंट्या वाजवल्या तर कुणी घरी नाही. मी परतले तेव्हा सासूबाईंची शाल लेकीच्या अंगावर होती आणि त्या स्वतः पदर लपेटून भिंतीला टेकून उभ्या होत्या.

त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. लेकीलाही नाही. आठवडाभर खोकल्या, आणि परतीच्या विमानापर्यंतच्या सहा आठवड्यांत एकट्या म्हणून उंबऱ्याबाहेर गेल्या नाहीत. घरात वाघीण असलेली बाई दाराशी गेली की थांबायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं, आणि मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो, त्यामुळे त्याचा काही उपयोग झाला नाही. लेकीनं मला एकदा अंथरुणात जर्मनमध्ये विचारलं, आज्जी माझ्यावर रागावलीय का? मी नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही.

यंदा फोनवर सासूबाई म्हणाल्या, "नको गं, तुमच्याकडे थंडी फार." पण थंडीला त्या घाबरत नाहीत. त्यांना दाराची धास्ती होती आणि ते मला ठाऊक होतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, नव्या घराचं दार त्यांचं ऐकणारं हवं.

शनिवारी आम्ही तिघं गावातल्या कुलपांच्या एका जुन्या दुकानात गेलो. साठीची दुकानदार बाई, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, आणि भिंतीवर ओळीनं टांगलेले दारांचे अर्धे अर्धे तुकडे, प्रत्येकाला वेगळं कुलूप. मला खेळण्यांच्या दुकानात सोडल्यासारखं झालं. मी प्रत्येक मूठ फिरवली, प्रत्येक खटका ऐकला. नवरा कुलपांच्या तुलनेचा तक्ता करून घेऊन आला होता. लेक कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून किल्ल्यांची डबी ढवळत होती.

बाईंनी आम्हाला तीन ठिकाणी अडकणारं कुलूप दाखवलं. दार नुसतं ओढलं की वर, मध्ये आणि खाली, तीन बोल्ट एकदम आपोआप बाहेर येतात. "थंडीत दार वाकतं," त्या म्हणाल्या, "आत ऊब, बाहेर बर्फ. मग वरच्या कोपऱ्यातून वारा शिरतो. हे कुलूप दाराला रबरावर दाबून धरतं." मी ते सात वेळा ओढून पाहिलं. काय सुंदर आवाज होता तो. नवऱ्यानं तक्त्यात बरोबरची खूण केली आणि म्हणाला, "गेनाऊ, हेच. विषय संपला."

मग मला सासूबाई आठवल्या.

मी बाईंना म्हटलं, मला बंद असलेलं पण बंद नसलेलं दार हवं आहे. त्यांनी चष्मा लावला. म्हणाल्या, दार एक तर त्सू असतं नाही तर आउफ. बंद किंवा उघडं. मी म्हटलं, मधलं. मिटलेलं दिसेल, पण बाहेरून हातानं ढकललं की उघडेल. "मग तुम्हाला कुलूप कशाला हवंय?" त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न इतका रास्त होता की मला राग आला. बारा वर्षं या भाषेत मी भांडले आहे, पगार वाढवून घेतला आहे, पण "लोटलेलं" हा एक शब्द काही सापडेना. मी त्या अर्ध्या दाराजवळ जाऊन अभिनय करू लागले. ओढलं, खटका पडू दिला नाही, दोन पावलं मागे गेले, कोपरानं ढकललं. नवरा दुसरीकडे बघू लागला. "अगं, कडी-कोयंड्याची गोष्ट तू यांना कशी सांगणार आहेस?" तो म्हणाला. "लोटून ठेवणं ही आपल्याकडची भानगड आहे."

"ममा," कोपऱ्यातून लेक म्हणाली, "दू माइन्स्ट आनगेलेन्ट."

तुला आनगेलेन्ट म्हणायचंय. बाईंचा चेहरा एकदम उजळला. "आख, आनगेलेन्ट! मग असं सांगा ना." आणि त्या ड्रॉवर धुंडाळायला लागल्या. मी लेकीकडे बघत राहिले. किल्ल्यांची डबी बाजूला ठेवून ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं ते मला दिसत होतं. तिनं हळूच विचारलं, लोटून म्हणजे आनगेलेन्ट? मी मान हलवली. मग त्या दिवशी आज्जीला दार बंद व्हायलाच नको होतं?

वर्षभर माझ्या पोरीला वाटत होतं की आज्जीनं सांगितलं तेच तिनं केलं आणि तरी काहीतरी चुकलं. मी तिला तिथेच जवळ घेतलं. त्या बाईंसमोर माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

ड्रॉवरमधून निघाली टागेसफाले. चौकटीत, खटका जिथे अडकतो तिथे बसवायचा एक भाग आणि त्याला नखाएवढी तरफ. तरफ वर केली की खटका अडकत नाही. दार मिटतं, पण ढकललं की उघडतं. खाली केली की नेहमीचं जर्मन दार. हे नुसत्या दिवसासाठी, बाई बजावून म्हणाल्या, झोपताना किल्ली फिरवायची. मात्र आपोआप बोल्ट टाकणाऱ्या कुलपाबरोबर याचा उपयोग नाही. नवऱ्यानं आपल्या तक्त्याकडे दुःखानं पाहिलं. "आल्झो, म्हणजे दिवसभर वारा येणार," तो म्हणाला. "येऊ दे," मी म्हटलं. किल्लीनं तीन बोल्ट टाकणारं साधं कुलूप, ती तरफ, आणि सासूबाईंच्या दुखऱ्या बोटांना पकडता येईल अशी रुंद डोक्याची किल्ली. एवढी निवड करून मी अशा ऐटीत बाहेर पडले की जणू तिथली सगळी दारं मीच बनवली होती.

संध्याकाळी पुण्याला फोन लावला. म्हटलं, "आई, या दाराला लोटता येतं." मग त्या म्हणाल्या, "संक्रांतीला तिकडे तीळ मिळतात का, की इथून आणू?"

त्या आल्या. हळदीकुंकवाला मी गावातल्या चार मराठी बायकांना बोलावलं. निघताना सोफ्यावर निरोप झाला, दारात झाला, आणि सासूबाई शाल घेऊन त्यांना गाडीपर्यंत पोचवायला निघाल्या. लेक मागोमाग. मी स्वयंपाकघरात होते. मला त्यांचा आवाज आला, अगदी तेच शब्द. "दार लोटून घे गं."

दार मिटल्याचा आवाज झाला आणि मला आठवलं, सकाळी फार वारा येत होता म्हणून मी तरफ खाली केली होती. नंतर वर केली का, ते काही केल्या आठवेना. ती तरफ दार उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि मी दार उघडलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं की माझाच त्यावर भरवसा नाही. त्यांनी घंटा वाजवली तर त्या पुन्हा एकट्या बाहेर पडणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं. मी मुठीवर हात ठेवून दाराला नाक लावून उभी राहिले. बाहेर गाडी गेली. पावलं वाजली. घंटा वाजली नाही.

दार आलं ते थेट माझ्या कपाळावर.

"दाराआड काय उभी राहिलीस?" सासूबाई म्हणाल्या. दोन्ही हातांत कुणीतरी गाडीतून काढून दिलेली आपल्या घरची वाणं होती, दार त्यांनी खांद्यानं ढकललं होतं. त्या मला ओलांडून सरळ आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं का म्हणून विचारू लागल्या.

लेक उंबऱ्यावर थांबून बूट काढत होती. मी कपाळ चोळत तिला विचारलं, तरफ कुणी वर केली?

"मी," ती म्हणाली, आणि मग मराठीत, "आज्जी लोटून म्हणाली ना."