मास्तरीणबाईंनी उघडलेला मेल

माझी धाकटी सून बँकेत आहे, पण काउंटरवर नाही. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, त्या यंत्रणेवर ती पहारा देते. मला त्यातलं फार कळत नाही. तिने सांगितलं तेवढं लिहितो.

चोरांच्या टोळ्या आता कुलूप फोडत नाहीत. कर्मचाऱ्याला साधासा मेल पाठवतात. त्यातली फाईल उघडली की चोर आत. म्हणून हिचा विभाग अधूनमधून मुद्दाम खोटे मेल पाठवून सगळ्यांची परीक्षा घेतो. फसणाऱ्यांची ही भर बैठकीत फिरकी घ्यायची. हिशेब विभागातल्या काकांना तर म्हणाली होती, "काका, तुम्ही चोराला बसायला खुर्चीसुद्धा द्याल!" सगळे हसले. काकाही हसले. ऑफिसात हिचं नाव पडलं मास्तरीणबाई.

एका सोमवारी तिलाच मेल आला, पगाराच्या फरकाचा. तिला वाटलं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने काढलेला हा नवा पेपर. किती मार्क द्यावेत बघू, म्हणून हसत हसत तिने फाईल उघडली.

"छान जमलाय हं तुझा मेल," ती त्याला म्हणाली.

"कुठला? मी तर या आठवड्यात काहीच पाठवलं नाही."

म्हणजे मेल खऱ्या चोरांचा होता. गप्प बसावं, हळूच निस्तरावं, असं मनात आलंच, हे ती लपवत नाही. पण चोर घरात शिरल्यावर अब्रू झाकत बसायला सवड कुठली? ती उठली आणि सगळ्यांदेखत साहेबांना म्हणाली, "व्यवहार थांबवा. दार मी उघडलंय."

व्यवहार थांबले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "मास्तरीणबाई नापास!"

तेवढ्यात हिशेबातले काका आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, सकाळी मीही तोच उघडला."

"सकाळी? अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसाल म्हणून."

काकांच्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढून तो तपासला, तेव्हा चोरांनी त्यातून मोठ्या रकमा बाहेर पाठवायची तयारी केलेली दिसली. थोडक्यात वाचलं सगळं.

घरी आली तेव्हा ताटावर नुसती बसून होती. मी म्हणालो, "अगं, वेळेवर बोललीस, पैसे वाचले. आता जेव."

"बाबा, काकांची माफी मागायला गेले होते," ती म्हणाली. "तर तेच 'बाई, चुकलं माझं' म्हणत माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. माझी मान काही वर होईना."