सामानाजवळ कोण थांबणार? ईस्ट कोस्टवर विंडसर्फिंगचे दोन दिवस

कोर्सच्या फॉर्मवर एक रकाना होता: किनाऱ्यावर थांबणाऱ्या व्यक्तीचं नाव. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने, सईने, तिथे माझं नाव लिहून टाकलं. मला विचारलंही नाही. इथलं सेंटोसा बेट असो, बोटीने जायचं बिंतान असो नाहीतर गावाकडचा हर्णैचा समुद्र असो, आमच्याकडे पाण्यात माझा नवरा निखिल आणि सई जातात, आणि मी चपला, मोबाइल आणि खाऊचे डबे राखत बसते. 'सामानाजवळ कोण थांबणार?' हा प्रश्न आमच्या घरात विचारला जातो, पण उत्तराची वाट कोणी बघत नाही.

विंडसर्फिंगचा हा दोन दिवसांचा कोर्स बाप-लेकीने मिळून करायचा होता. पण आदल्या आठवड्यात लिटिल इंडियातून तांदळाची पिशवी उचलताना निखिलच्या कंबरेत उसण भरली. एक जागा रिकामी झाली. मी म्हटलं, मी येते.

सईने माझ्याकडे बघितलं. "बट आई, यू कान्ट स्विम."

मी मामाच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, वयाच्या सातव्या वर्षी पोहायला शिकले. कॉलेजात असताना दोन कपही मिळवले होते. आणि चौदा वर्षं माझ्या पोटच्या पोरीला हे माहीत नव्हतं. मला आधी राग आला, मग वाईट वाटलं, कारण तिने मला कधी पाण्यात पाहिलेलंच नव्हतं. तिने फॉर्मवर माझ्या नावापुढे 'पोहता येतं' अशी खूण केली, पण ती केली ती माझ्यावर मेहेरबानी केल्यासारखी. कोर्सच्या शेवटी एक छोटी परीक्षा असते: समुद्रात तरंगणाऱ्या नारिंगी फुग्यापर्यंत जाऊन परत यायचं. जमलं तर पुढे बोर्ड भाड्याने मिळतो, नाही जमलं तर मिळत नाही. म्हणजे माझ्यासाठी पुन्हा चटई आणि चपला. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, त्या फुग्याला वळसा घालायचाच.

आता साहित्याबद्दल, कारण तुमच्यापैकी काहीजण त्यासाठीच हे वाचत असणार. सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. हे वाक्य मला तीन लोकांनी सांगितलं होतं, आणि मी बिशानला जाऊन एका गृहस्थांकडून जुनं शीड विकत घेऊन आले. ते मायदेशी परत चालले होते आणि फार स्वस्तात देत होते. त्यांच्याकडे दोन शिडं होती, एक चार चौरस मीटरचं, एक सात. किंमत जवळजवळ सारखी. ज्या बाईने पहिलीपासून दहावीपर्यंत वाढत्या मापाचे गणवेश घातले, ती कोणतं उचलणार? चार घेतलं तर सहा महिन्यांत पुरेनासं होईल, सात घेतलं की आयुष्यभराची काळजी मिटली. ते गृहस्थ काहीतरी सांगू पाहत होते, पण मी तोवर पैसे दिले होते. शिडासोबतची डोलकाठी दोन तुकड्यांत असूनही बसमध्ये घेईनात, म्हणून व्हॅन करावी लागली आणि स्वस्ताईचा तिथेच निकाल लागला. वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये शीड उघडून बघितलं तेव्हा सोफा, टीव्ही आणि निखिल तिन्ही त्याखाली गेले.

शनिवारी सकाळी वुडलँड्सहून निघालो. एमआरटीची, म्हणजे इथल्या मेट्रोची, तपकिरी लाइन आता थेट ईस्ट कोस्टच्या बाजूला जाते, गाडी बदलावी लागत नाही. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो आणि पुढे दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शिडामुळे आम्हाला मात्र पुन्हा व्हॅनच करावी लागली. निखिल कंबरेला पट्टा बांधून सामान राखायला आला होता. जागा नवशिक्यांना चांगली आहे: तळाशी वाळू, लाटा बेताच्या, आणि लांबवर नांगर टाकलेली मोठमोठी जहाजं. आणखी शांत पाणी हवं असेल तर पासिर रिसकडे चौकशी करा. डिसेंबर ते मार्च वारा जोरात असतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आमच्यासारखं ऑक्टोबरात जावं.

शिकवणारे साठीचे, उन्हाने रापलेले चिनी गृहस्थ होते. त्यांना सगळे अंकल म्हणतात. त्यांनी माझं शीड पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा शीड. "आंटी, दिस वन टू बिग लाह."

मी त्यांना समजावलं की मी लवकर शिकते. त्यांनी वाद घातला नाही. मला दारासारखा रुंद बोर्ड दिला, त्यावर माझं शीड बसवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

बोर्डवर उभं राहून, पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने ओढून उभं करायचं असतं. पाणी भरलेलं सात मीटरचं शीड म्हणजे ओली सतरंजी, तीही शेजाऱ्यांच्या सगळ्या सतरंज्यांसकट. मी ओढत होते आणि शीड मला ओढत होतं. तिसऱ्या वेळी ते माझ्या अंगावर पडलं आणि मी त्याखालून विहिरीतल्या सवयीने बुडी मारून बाहेर आले. सई तिच्या बोर्डवरून बघत राहिली. "आई, यू रिअली कॅन स्विम," ती म्हणाली. तेवढ्यापुरतं मला ते शीड बरं वाटलं.

दुपारी मी मुकाट्याने अंकलकडचं साडेतीन मीटरचं शीड घेतलं. ते एका हाताने उचललं जात होतं. अंगात लांब बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट, लाइफ जॅकेट आणि पायात जुने बूट, एवढं पुरे. शीड उभं राहिलं, बोर्ड चालू लागला, आणि मी पडले. पुन्हा चालू लागला, पुन्हा पडले. अकरा वेळा. सई मोजत होती.

अंकलनी शेवटी विचारलं, "आंटी, एव्हरी टाइम यू टर्न अँड लुक. लुक व्हॉट?"

मी सामानाकडे बघत होते. निखिल कॉफी आणायला गेला होता आणि चटईवर कोणी नव्हतं. अंकलनी सांगितलं की या खेळात जिकडे बघाल तिकडे बोर्ड वळतो. मान वळली की खांदे वळतात, शीड वळतं, माणूस पाण्यात. मला ते पटलं, पण मानेला पटेना. चौदा वर्षांची सवय.

संध्याकाळी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, साते (काडीला लावून भाजलेलं चिकन) आणि उसाचा रस घेतला. हाताला फोड आल्यामुळे सातेची काडीही नीट धरता येत नव्हती. निखिल म्हणाला, उद्या नाही गेलीस तरी चालेल. त्याने ते प्रेमानेच म्हटलं, पण मला ते लागलं.

रविवारी निखिलला उठताच येईना, चटईवर बसून कंबर आणखी धरली होती. आम्ही दोघीच निघालो, शीड घरी ठेवून, एमआरटीने. वाळूवर पोचल्यावर मी सवयीने चटई पसरली आणि अडकले. दोघी पाण्यात, मग इथे कोण?

सईने पर्समधून टिश्यूपेपरचं पाकीट काढलं आणि सामानाच्या ढिगावर ठेवलं. इथे हॉकर सेंटरमध्ये टेबल अडवायचं असेल तर असंच पाकीट ठेवतात, त्याला 'चोप' करणं म्हणतात, आणि अख्खा देश ते पाळतो.

"चोप ऑलरेडी," ती म्हणाली. "चल. आणि मागे बघू नकोस."

ते शेवटचं वाक्य ती मराठीत म्हणाली.

फुगा जवळच दिसत होता, पण वाट संपता संपेना. पाठीमागे किनाऱ्यावर कसलीतरी फडफड ऐकू आली, डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाजही आला. मान वळायला लागली होती. मी दात आवळून नारिंगी रंगाकडे बघत राहिले. वळसा मला जमला, फार देखणा नव्हता, गुडघ्यावर आलेच होते, पण पडले नाही. येताना सई शेजारून पुढे गेली आणि पुढे जाऊन थांबली. परीक्षा पास झाल्याचं अंकलनी मान हलवून सांगितलं, आणि मी कंबरभर पाण्यात उभी राहून रडले. खारं पाणी होतंच तोंडावर, कोणाला कळलं नाही.

चटईवर पाच साळुंक्या माझ्या शंकरपाळ्यांच्या डब्यात बसल्या होत्या. मोबाइल, पैसे, चपला, सगळं जागेवर होतं. टिश्यूचं पाकीटही तसंच.

आता खांदे दुखायचे थांबलेत. सात मीटरचं शीड पलंगाखाली आहे, निखिल अधूनमधून विचारतो त्याचं काय करायचं, मी म्हणते मी वाढतेय. काल सईने पुढच्या कोर्सचा फॉर्म भरला, तिचा आणि माझा. 'पोहता येतं' वर तिने झटकन खूण केली. किनाऱ्यावर थांबणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात तिने निखिलचं नाव लिहिलं. त्याला विचारलंही नाही.