लेकीच्या साइडकारवर

माझ्या लेकीला शर्यतीसाठी जोडीदार हवी होती आणि मला लेक हवी होती. ती इथेच, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातच राहते, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर, पण दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे फोनवर "आई, बिझी आहे" एवढंच. तिची गाडी म्हणजे मोटारसायकल आणि उजव्या बाजूला तिसऱ्या चाकावरचा लोखंडी पाट. त्याला साइडकार म्हणतात, पण बसायला काहीच नाही. दांडे धरून उभं राहायचं आणि चिखलातून, उंचवट्यांवरून उडत जायचं. तिच्या जोडीदारणीचं मनगट मुरगळलं, तेव्हा मी म्हटलं, "मी येते."

"आई, यू आर फिफ्टी-थ्री!"

"मग? पुण्यात अर्धं आयुष्य स्कूटरवर मागे बसण्यात गेलंय."

ती नाइलाजानं तयार झाली. सकाळी सराव, दुपारी शर्यत. शर्यतीत गाडी उलटली तर ती दुसरी कुणीतरी शोधणार.

घोळ सरावातच झाला. स्कूटरवर मागे बसण्याचं आमचं शिक्षण एकच: हलायचं नाही. आधी वडील, मग नवरा, दोघंही ओरडायचे, "हलू नकोस, बॅलन्स जातो!" उजवीकडच्या पहिल्याच वळणावर मी शहाण्यासारखी ताठ उभी राहिले. तिसरं चाक हवेत गेलं आणि आम्ही दोघी चिखलात.

"मूव्ह, आई! बाहेर लटक! यू आर द बॅलन्स!"

हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग काय, दुपारी मी सुटलेच. उजव्या वळणाला इतकी बाहेर वाकले की कानाशी खडे उडत होते. डाव्या वळणाला लेकीच्या पाठीमागून थेट पलीकडे. मी किंचाळत होते, हसत होते, तोंडात माती जात होती, आणि पुढून लेक ओरडत होती, "मोअर, आई, मोअर!" या वयात लाज वाटावी इतकी मजा आली. लाज मात्र वाटली नाही.

आमचा नंबर शेवटचा आला, पण गाडी तिन्ही चाकांवर होती. लेकीनं हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर फक्त दात पांढरे दिसत होते.

"नेक्स्ट संडे फ्री आहेस?"

त्या रविवारी माझ्याकडे अठरा माणसं जेवायला येणार होती.

"एकदम फ्री," मी म्हटलं.