तीन नंबर शेडचे पत्ते

व्हीपीएनचा टनेल जोडला गेला होता. स्क्रीनवर हिरवी खूण होती. एक आणि दोन नंबर शेडमधली मशीन्स क्लाउडवरच्या सर्व्हरशी नीट बोलत होत्या. तीन नंबर शेडमधली मात्र एकही मशीन सर्व्हरपर्यंत पोचत नव्हती.

रविवारची दुपार होती, प्लांट बंद होता. चाकणच्या या प्लांटमध्ये ब्रेकचे पार्ट बनतात. मी पिंपरीतल्या एका छोट्या आयटी कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. प्लांटमधला जुना सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या जागेत न्यायचा आणि प्लांटपासून तिथपर्यंत व्हीपीएन टाकायचा, असं काम होतं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा, पण आपल्यापुरता बंदिस्त रस्ता.

प्लांट हेड जाधव साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"मॅडम, उद्या सकाळी सातला पहिली शिफ्ट. लोकांना काय सांगू?"

"थोडा वेळ द्या, साहेब."

त्यांची घाई बरोबर होती. शेवटची टेस्टिंग तीन नंबरमध्येच होते. टेस्टचा निकाल सर्व्हरला पोचला की लेबल छापलं जातं. लेबल नसेल तर बॉक्स गेटबाहेर जात नाही. आणि बॉक्स गेले नाहीत की पुढे गाड्या बनवणाऱ्या कंपनीची लाइन थांबते.

मी आधी माझंच काम तपासलं. क्लाउडमध्ये पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायच्या आकड्यांचा, एक मोठा पट्टा घ्यायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे. अशा तुकड्याला सबनेट म्हणतात. एका तुकड्यात सर्व्हर, एकात डेटाबेस. एक तुकडा फक्त गेटवेसाठी, म्हणजे आपला बंदिस्त रस्ता क्लाउडमध्ये जिथे उघडतो त्या दारासाठी. त्या तुकड्यात दुसरं काही ठेवायचं नाही. हे सगळं जागच्या जागी होतं.

आणखी एक नियम असतो. क्लाउडमधला पट्टा प्लांटमधल्या कुठल्याही पट्ट्यावर चढता कामा नये. प्लांटने दिलेल्या एक्सेल शीटमध्ये सगळे पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारे होते. म्हणून क्लाउडसाठी मी १०.२० ने सुरू होणारा पट्टा घेतला होता.

शेवटी लॅपटॉप घेऊन तीन नंबरला गेले. किल्ल्या मेन्टेनन्सच्या नामदेवकाकांकडे होत्या. ते चाकणजवळच्याच गावचे, प्लांट उभा राहिला तेव्हापासूनचे. त्यांनी भिंतीवरचं पॅनल उघडलं. आत धूळ बसलेला एक छोटा राउटर लुकलुकत होता. तो शीटमध्ये नव्हता.

"काका, या शेडमधल्या मशीन्सचे पत्ते काय आहेत?"

त्यांनी खिशातून वही काढली. "धा-वीसनं सुरू होतात सगळे. भोसरीच्या बंद पडलेल्या कंपनीतनं ह्या मशिनी आणल्या ना, तवापासनं हायेत. बदलता येईनात, म्हणून जुन्या सर्वरशी बोलायला मधी ह्यो डबा बसवला."

कारण समोर आलं. पिंपळे सौदागरला माझ्या सोसायटीतही बी-२०४ आहे आणि शेजारच्या सोसायटीतही. नुसतं 'बी-२०४' सांगितलं की आमचा वॉचमन पार्सल आमच्याच बिल्डिंगमध्ये पाठवणार. मशीन्सचं तेच होत होतं. क्लाउडमधल्या सर्व्हरचा पत्ता त्यांना स्वतःच्या शेडमधलाच वाटत होता. त्या त्याला तिथेच शोधत होत्या, गेटवेपर्यंत जातच नव्हत्या.

माझे मॅनेजर देशमुख सर यांना फोन केला.

"शीट त्यांनी दिली होती, मेलवर आहे," ते म्हणाले. "तसंच लिहून टाक. आपली चूक नाही."

तेवढ्यात जाधव साहेब शेडमध्ये आले. राउटर पाहून त्यांनी काकांना विचारलं, "नामदेवराव, हे कुणाला विचारून केलंत?"

"तवाच्या आयटीच्या साहेबांना सांगितलं व्हतं. ते गेले सोडून." काकांनी वही मिटून खिशात ठेवली.

मला कामाआधी प्लांटच्या सर्व्हेला आले तो दिवस आठवला. याच काकांनी मला म्हटलं होतं, "तीन नंबरलाबी येऊन बघा की." मी म्हटलं होतं, "शीट आहे माझ्याकडे." ते अजिबात रागावले नव्हते. नुसते बाजूला झाले होते.

फोन अजून चालूच होता, देशमुख सर ऐकत होते. तरी मी म्हणाले, "साहेब, काकांनी मला बोलावलं होतं. मीच आले नाही. आले असते तर हा पट्टा घेतलाच नसता."

जाधव साहेबांनी पॅनलचं दार लावलं. मग म्हणाले, "बरं. उद्याचं बोला."

मशीन्सचे पत्ते बदलायचे तर प्रत्येकीचा प्रोग्राम उघडून तिची परत टेस्ट घ्यावी लागली असती. क्लाउडमधला पट्टा बदलायचा तर गेटवे काढून नवा उभा करायचा, सर्व्हर हलवायचे. एका दुपारचं काम नव्हतं. आणखी एक डबा मध्ये बसवून वेळ मारून नेता आली असती. पण पुढे येणारा इंजिनिअर तो शोधत बसला असता, मी बसले होते तसाच.

"आज सगळं जुन्या सर्व्हरवर परत नेते," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी नव्याने करू."

पाचच्या सुमाराला तीन नंबरच्या प्रिंटरमधून टेस्टचं लेबल बाहेर आलं. काकांनी ते फाडून माझ्या हातात दिलं. सोमवारी शिफ्ट वेळेवर सुरू झाली.

त्या आठवड्यात मी काकांबरोबर अख्खा प्लांट पायी फिरले. वजनकाट्याच्या केबिनमध्ये आणखी एक पट्टा सापडला, तोही शीटमध्ये नव्हता. मग क्लाउडसाठी या सगळ्यांपासून लांबचा पट्टा निवडला आणि पुढच्या वाढीसाठी त्यात मोकळी जागा ठेवली. पुढच्या रविवारी तिन्ही शेड जोडल्या गेल्या.

मला मिळणार असलेलं तळेगावचं पुढचं काम देशमुख सरांनी दुसऱ्याला दिलं. "क्लायंटसमोर तुझं बोलणं जरा जास्त झालं," एवढंच म्हणाले. मला वाईट वाटलं, पण ते वाक्य मागे घ्यावंसं आजही वाटत नाही.

माझ्या सर्व्हे फॉर्ममध्ये आता एक कॉलम जास्त आहे: 'स्वतः जाऊन पाहिलं का?' तो भरल्याशिवाय मी एकही सबनेट आखत नाही.