व्याह्यांना विकलेली गाडी

गाडी विकायचीच असेल तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला विका, पण व्याह्याला देऊ नका. हे मी तेव्हाही घसा कोरडा करकरून सांगितलं होतं. ऐकतं कोण? आमच्या दोन्ही घरांत माझं बोलणं म्हणजे कुकरची शिट्टी. वाजली की सगळ्यांना कळतं, पण उठून कोणी जात नाही.

गाडी बाबांची. वणीला आमच्या दारात ती इतकी वर्षं उभी होती की लोक पत्ता सांगताना "पांढऱ्या गाडीवाल्यांचं घर" म्हणत. पांढरी होती ती घेतली तेव्हा. कोळशाची धूळ वणीत कोणालाच सोडत नाही, तर ती गाडीला काय सोडणार! मागच्या सीटवर कोणी जरा धप्पकन बसलं की सीटमधून काळा धुरळा निघायचा आणि लग्नाला निघालेल्या माणसाचा पांढरा सदरा तिथेच सुतकात जायचा. तरी आमचा जीव होता तिच्यावर. दहावीच्या परीक्षेला मी तिच्यातून गेले, आईला ऑपरेशनला तिच्यातूनच नेलं, आणि लग्न होऊन सासरी निघाले तीही तिच्यातच, रडत.

बाबा मोजणी खात्यात होते. जन्मभर लोकांच्या शेताच्या धुऱ्यावर उभं राहून "इथवर तुमचं, इथून पुढे त्यांचं" असं सांगत आले. त्यामुळे त्यांचं बोलणं साखळी ताणल्यासारखं सरळ. समोरच्याला लागो, न लागो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली, तेव्हा पुण्याचा माझा भाऊ फोनवर म्हणाला, "भंगारात देऊन टाका." बाबांनी दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. मग गिऱ्हाइकं यायला लागली आणि बाबांनी ती एकामागून एक पळवून लावली. चहा यायच्या आतच ते गाडीचे सगळे दोष सांगून मोकळे व्हायचे. एक मास्तर तर कप तसाच ठेवून गेले. आई म्हणाली, "अहो, गाडी विकून राह्यले का तिची तक्रार करून राह्यले?"

हे सगळं दारव्ह्याला माझ्या सासरी मीच हसत हसत सांगितलं. हीच माझी अक्कल!

माझ्या सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. कापूस-सोयाबीनची बऱ्यापैकी शेती, दारात ट्रॅक्टर, दोन मोटरसायकली, आणि ऐट जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाची. कार मात्र नव्हती. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना काळीपिवळी जीपमध्ये चढवायचं म्हणजे मागून एकानं ढकलायचं आणि पुढून एकानं ओढायचं. मामाजींनी माझी गोष्ट ऐकली आणि मांडीवर थाप मारली. "इवाईची गाडी हाये, मंग बाहेर कायले पाहाची?"

मला धास्तीच बसली. का, ते सांगते. लग्न झाल्यापासून सासूबाईंचं माझ्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. मी उलट बोलले, भाकरी करपवली, सकाळी उशिरा उठले की त्या म्हणायच्या, "तुह्या बापानं आमाले फसवलं वं. आधी सांगतलं असतं तं." त्यात आता गाडीची भर पडली असती. माझं मी सोसलं असतं, तेवढी मी खमकी आहे. पण ज्या माणसाने आयुष्यात कोणाला वीतभर जमीन जास्तीची दाखवली नाही, तो आमच्या दारव्ह्याच्या अंगणात कायमचा फसव्या ठरला असता. म्हणून मी मामाजींना स्पष्ट सांगितलं, "घेऊ नका. ती गाडी चालत नाही, चालवून घ्यावी लागते." मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू माहेरची भांडी लपवते आहे. "काहून वं? तुह्या माहेरची चीज आमाले द्यावशी वाटत नाई काय?"

संपलं. पुढच्या रविवारी आम्ही चौघं वणीला. मामाजी, सासूबाई, नवरा आणि मी.

आईने व्याही येणार म्हणून पातोडीचा रस्सा केला होता. जेवणं झाली आणि बाबांनी मामाजींना अंगणात गाडीपाशी नेलं. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"पाहा जी," बाबा म्हणाले, "मांगचं डावं दार आतून उघडत नाई. बाहेरून कोणी उघडलं तरच उघडते."

"वा वा," मामाजी म्हणाले.

"पूर्ण उजवीकडे वळवली का हॉर्न आपोआप वाजते. मांगच्या काचा चार बोटं खाली येतात, मंग अडकतात. पेट्रोलचा काटा नेहमी अर्ध्यावर राह्यते, तो खोटा हाये. अन मोठी गोष्ट म्हंजे, चढावर गरम होते. गरम झाली का बंद पडते, अन बंद पडली का धक्का दिल्याबिगर चालू होत नाई."

मामाजी हसत होते. जितके दोष बाबा सांगत, तितका त्यांचा चेहरा उजळत होता. शेवटी त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "इवाई, तुमी लय साधे माणूस हा. किती कमीपना घ्यान बापा!"

"कमीपणा नाई जी. खरं सांगून राह्यलो."

"थेच तं!" मामाजी म्हणाले.

आता यात मामाजींचीही पूर्ण चूक म्हणता येणार नाही. आमच्याकडची रीतच तशी आहे. मुलीकडच्या माणसाने आपल्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवायची. पक्वान्नांनी ताट भरलेलं असलं तरी "काही नाही जी, भाजीभाकर आहे" म्हणायचं, आणि मुलाकडच्याने "अरे वा, भाजीभाकर!" म्हणत चार वेळा वाढून घ्यायचं. मुलीच्या बापाच्या तोंडून निघालेली निंदा म्हणजे स्तुती, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे मुलीच्या बापाला खरंच काही वाईट सांगायचं असेल तर त्याने करावं तरी काय? त्याच्यासाठी भाषाच शिल्लक ठेवलेली नाही आपण.

माझ्या वेळीही हेच झालं होतं. मला पाहायला आले तेव्हा याच घरात, मी पडद्यामागे पोह्यांचं ताट घेऊन उभी, आणि बाबा बाहेर सांगत होते, "पोरगी तापट हाये जी. पटकन बोलते, मांगंपुढं पाहत नाई. भाकर थापता येत नाई. सकाळी उठवाव लागते." माझा नुसता भडका उडाला! वाटलं, हे ताट नेऊन बाबांच्याच पुढ्यात आदळावं. बाहेर मामाजी म्हणत होते, "असा नम्र बाप पाह्यला नाई." आणि लग्न ठरलं. पण मी ते बाबांना कधी माफ केलं नाही. लोकांच्या लेकी सुगरण, गृहकृत्यदक्ष. माझ्याच बापाला चारचौघांत माझी उणीदुणी काढायची हौस. पुढे सासूबाई "सांगतलं नाई" म्हणाल्या की मी म्हणायचे, "सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलंय." तर त्या म्हणायच्या, "थे तं सगळेच म्हणतात वं!"

गाडीची किंमत ठरवायलाही असाच एक नाच झाला. "तुम्ही द्याल ते." "छे, तुम्ही मागाल ते." दोन्ही माणसं एकमेकांना वाकून नमस्कार करत तासभर तिथल्या तिथे. शेवटी मामाजींनी पाकिटाला कुंकू लावून ते बाबांच्या खिशात कोंबलं आणि बाबांनी ते न पाहता देवापुढे ठेवलं. निघताना आईने माझी ओटी भरली आणि जाता जाता गाडीच्या सीटवरही मूठभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी ठेवली. बाबा तोंड फिरवून उभे राहिले. मी मनात म्हटलं, घ्या, माझ्या पाठवणीलाही असेच उभे होते.

दारव्ह्यात पहिले काही आठवडे गाडीने लाज राखली. सपाट रस्ता, घर ते बाजार, घर ते शेत. आणि मामाजींचं कौतुक म्हणजे त्यांनी दोषांचंच वैभव केलं. ते मुद्दाम मागच्या डाव्या दाराशी बसायचे. गाडी थांबली की नवऱ्याने उतरून, वळसा घालून त्यांचं दार उघडायचं आणि मामाजींनी मंत्र्यासारखं खाली उतरायचं. बाजारात गाडी उजवीकडे वळली की हॉर्न वाजायचा आणि अर्धा बाजार वळून पाहायचा. मामाजी हात वर करून सगळ्यांचा रामराम घ्यायचे. "पाह्यलं?" ते मला म्हणायचे. "तुहा बाप म्हने खराब हाये."

मग सासूबाईंच्या बहिणीच्या मुलाचं लग्न आलं, आर्णीला. काळीपिवळीतून नव्हे, स्वतःच्या गाडीतून जायचं, हे सासूबाईंनी माहेरच्या झाडून सगळ्यांना कळवलं होतं. त्या दिवशी मामाजी पुढे बसले, मी आणि सासूबाई मागे. सासूबाई डाव्या दाराशी, नवीन जरीच्या लुगड्यात. धुरळ्याचा अनुभव असल्यामुळे मी सीटवर आधीच चादर अंथरली होती.

आर्णीच्या अलीकडे एक चढ लागतो. मोठा नाही, बैलगाडीवाला खाली न उतरता चढतो. आमची गाडी अर्ध्यावर गेली, तिने एक मोठा सुस्कारा टाकला, बॉनेटखालून वाफ आली आणि ती थांबली. उन्हं डोक्यावर. नवऱ्याने दोनदा चावी फिरवली, आवाजसुद्धा नाही.

"बंद पडली," तो म्हणाला.

"बंद कशी पडन?" मामाजी म्हणाले. "काटा तं अर्ध्यावर हाये." असं म्हणून त्यांनी पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली.

नवरा उतरला, मामाजी उतरले, उजव्या दाराने मी उतरले. सासूबाईंनी डावं दार ढकललं, हादरवलं, खांद्याने धक्के दिले. ते काही उघडलं नाही, आणि गुडघ्यांमुळे उजव्या दाराकडे सरकता येईना. काच चार बोटं खाली आली आणि अडकली. त्या चार बोटांच्या फटीतून माझ्या सासूबाईंनी तोंड सोडलं.

"फसवलं! फसवलं वं माय, तुह्या बापानं आमाले! पोट्टी दिली थे तशी, गाडी दिली थे बी तशी! एक शब्दानं सांगतलं नाई त्या मानसानं! आता माह्या बहिनीच्या दारात मी काय तोंड दाखवू?"

झालं. ज्याची मला धास्ती होती ते सगळं त्या फटीतून बाहेर आलं. माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की ते निघालं असतं तर मी आज सासरी नसते. मी तोंड उघडलंसुद्धा. पण माझ्याआधी मामाजी बोलले.

ते पाण्याची बाटली हातात घेऊन बॉनेटपाशी उभे होते. पाणी ओतायचं विसरले होते. ते एकदा वाफेकडे बघत, एकदा त्या काचेकडे, एकदा दाराकडे.

"सांगतलं होतं," ते म्हणाले.

"काय?" सासूबाई फटीतून ओरडल्या.

"चढावर गरम होते, सांगतलं होतं. दार उघडत नाई, सांगतलं होतं. काच, काटा, धक्का, समदं सांगतलं होतं त्याइनं. मीच हासत होतो." आणि मग ते हळूहळू माझ्याकडे वळले. मी कमरेवर हात ठेवून, लाल होऊन, तोंड उघडं टाकून उभी. "सूनबाई," ते म्हणाले, "तुह्या लग्नाच्या टायमाले जे सांगतलं होतं, थे बी खरंच होतं काय?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हटलं.

मामाजींचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांनी बाटलीतलं निम्मं पाणी स्वतःच्याच धोतरावर सांडलं. "अवं," ते फटीशी वाकून सासूबाईंना म्हणाले, "त्या मानसानं आपल्याले दोन्ही टायमाले खरं सांगतलं वं. आपल्यालेच ऐकाची सवय नाई." सासूबाईंना उतरून तणतणत निघून जायचीही सोय नव्हती, कारण दार बाहेरूनच उघडतं.

मी जाऊन ते उघडलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात दे." मी दिला. त्यांचे गुडघे, तो चढ, ते लुगडं. त्यांना मी बाभळीच्या सावलीत बसवलं. मग मामाजी आणि मी पुढून, नवरा दाराशी, असा गाडीला धक्का दिला. उलटी, उताराकडे. गाडी खाली खाली गेली, खोकली आणि चालू झाली. ती पुन्हा चढाकडे घेताना नवऱ्याने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे नेलं आणि हॉर्न वाजला. मामाजींनी सवयीने हात वर केला. रस्त्यावर कोणीच नव्हतं.

लग्नाला आम्ही पोचलो ते अक्षता पडून गेल्यावर. जेवणाच्या पंगतीतून उठल्याबरोबर मामाजींनी बाबांना फोन लावला. मामाजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढा.

"इवाई, गाडी चढावर बंद पडली जी."

मला वाटलं, आता बाबा म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांचा तो हक्कच होता. पण बाबांनी गाडीचं काहीच विचारलं नाही. अगदी घाबऱ्या आवाजात म्हणाले, "पोट्टीले कोणी काही बोललं नाई ना जी? म्हनून तं मी आधीच समदं सांगून ठेवतो. मांगून तिले कोणी बोलू नये."

पडद्यामागचं ते पोह्यांचं ताट इतक्या वर्षांनी माझ्या हातातून खाली आलं.

"नाई जी," मामाजी म्हणाले. त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई जिलबी खाण्यात फार गुंतल्या होत्या. "कोनी बोलत नाई तिले. अन यापुढं बोलनार बी नाई. घ्या, देतो तिले फोन."

मी फोन घेतला नाही. हातानेच नको म्हटलं आणि तोंड फिरवून मांडवाबाहेर गेले, गाडीपाशी. बाबांनी माझं सगळं सांगितलं होतं, तापटपणा, भाकरी, सकाळची झोप, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. पण पोरगी रडकी आहे, हे तेवढं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.