दृष्टीचे शब्द डोरीनकडे गेले

पापांनी नवी गाडी घरी आणली, त्याच दिवशी खिळा घेऊन तिच्या मागच्या दारावर वीतभर ओरखडा काढला. शेजारी बघायला येण्याआधीच काढला. टोरांटोच्या सेंट क्लेअर भागातल्या आमच्या गल्लीत हे कुणालाच वेडेपणाचं वाटलं नाही. सगळी घरं दक्षिण इटलीतल्या कालाब्रियातून आलेल्यांची. नवा फ्रिज आला की त्याचं खोकं फाडून दुसऱ्या गल्लीच्या कचऱ्यात टाकायचं. कुणाला बढती मिळाली की तो आठवडाभर कंबर दुखते म्हणून कण्हत फिरायचा. हेवा वाटावा असं प्रत्येकाकडे काहीतरी होतं आणि ते दिसू नये म्हणून प्रत्येकाची धडपड चाललेली असे.

माझे वडील कोझिमो त्रिपोदी काँक्रीटचा कोबा करत. ओल्या काँक्रीटवर गुडघे टेकून, थापी फिरवत मागे मागे सरकत जायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. रविवारी चर्चमधून निघालो की ते आम्हाला स्वतः केलेले कोबे दाखवायला नेत. कधी एखाद्या इस्पितळाचं वाहनतळ, कधी एखाद्या शाळेची व्यायामशाळा. “चालून बघा,” म्हणत. आम्ही चालायचो. दुसरीकडे कुठे फिरायला गेल्याचं मला आठवत नाही. घरी दोन स्वयंपाकघरं होती. वरचं चकचकीत, कधी न वापरलेलं. खालचं तळघरातलं. तिथे आम्ही शिजवत होतो, जेवत होतो, भांडत होतो.

पापांना दृष्ट काढता यायची. कुणाचं डोकं दुखलं, कुणाचं बाळ रडायचं थांबेना, की लोक संध्याकाळी आमच्या तळघरात येत. “कुम्पारे कोझिमो,” म्हणजे कोझिमोदादा, “जरा बघता का?” सिमेंटचे बूटही न काढता पापा बशीत पाणी घेत, त्या माणसाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत आणि ओठातल्या ओठात काही म्हणत पाण्यात ऑलिव्ह तेलाचे थेंब सोडत. थेंब गोल राहिले तर काही नाही. पसरले तर दृष्ट. मग थेंब गोल राहीपर्यंत पुन्हा पुन्हा.

या शब्दांचे नियम कडक होते. बाईने पुरुषाला द्यायचे, पुरुषाने बाईला. फक्त नाताळच्या आदल्या दिवशी. एकालाच. आणि एकदा दिले की देणाऱ्याच्या हातचा गुण गेला. आजीने पापांना ते दिले, तेव्हा ते कॅनडाच्या बोटीवर चढायच्या तयारीत होते.

पापांकडून ते आपल्यालाच मिळणार, असं माझी मोठी बहीण इम्मा धरून चालली होती. गल्लीही तसंच धरून होती. आई गेल्यापासून इम्मा दिवसभर कारखान्यात कोट शिवायची आणि संध्याकाळी येऊन पापांचं घर सांभाळायची. लग्न केलं नव्हतं. माझ्या लग्नानंतर मात्र तिचं लक्ष माझ्या बायकोच्या ताटाकडे लागलं. डोरीन उत्तरेकडच्या एका इंग्रज शेतकऱ्याची मुलगी. तिला आमची बोली धड येत नव्हती. पापा तिला पहिलं वाढत, कारण ती या घरात नवी होती.

“तिला ‘पोरी’ म्हणतात,” इम्मा मला म्हणाली. “मला नुसतं इम्मा.”

“तुझं नावच इम्मा आहे.”

“तिलाही नाव आहे.”

इम्माने नवा कोट घेतला, तेव्हा डोरीन “छान आहे” म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली. डोरीनने घेतला, तेव्हा इम्माने अस्तर उलटून पाहिलं, टाके पाहिले आणि महिनाभर त्या कोटाबद्दल बोलत राहिली. पापा दोघींकडे बघत असायचे.

आमची मुलगी झाली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिला पहिल्यांदा तळघरात आणलं. इम्माने तिला हातात घेतलं.

“काय नाक आहे! काय रंग! आपल्या घराण्यात असं कुणी झालंच नाही,” म्हणाली आणि बाळ परत दिलं.

टेबलाभोवतीचे सगळे थांबले. कौतुक केलं की लगेच ‘देव भलं करो’ म्हणायचं, हे आमच्यात तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ते न म्हणता केलेलं कौतुक बाळाला लागतं.

पापांचा काटा हवेतच राहिला. “इम्मा, म्हण.”

“म्हटलं की. मनात.”

“मनातलं कुणाला ऐकू येतं?”

“जाऊ द्या ना, पापा,” डोरीन म्हणाली. “पास्ता गार होतोय.”

दुपारभर बाळ रडलं. पापांनी बशी घेतली. थेंब पडताच पसरला.

“आता सगळे माझ्याकडे बघा,” इम्मा म्हणाली. “येताना रस्त्यावर कितीजणांनी पाहिलं असेल हिला!”

“कुणी काही म्हणालंय का?” पापांनी विचारलं.

“म्हणायला कशाला हवं? दिसतंय.”

नाताळच्या आदल्या दिवशी इम्माने केस धुतले, इस्त्रीचा ब्लाऊज घातला आणि वरून एप्रन बांधून ती खारवलेला कॉड तळायला उभी राहिली. बाहेर अंधारायला लागलं होतं. पापांनी हात पुसले.

“डोरीन, जरा इकडे ये, पोरी.”

वाइनची पिंपं आणि सुकवलेल्या मांसाची सलामी ठेवायच्या थंड खोलीत दोघं गेली. दार लागलं.

“काय करतायत आत?” इम्माने विचारलं.

“वाइन काढत असतील,” मी म्हणालो.

“वाइन काढायला ती कशाला लागते?”

कढईतला मासा करपला. डोरीन बाहेर आली, तेव्हा तिचे ओठ हलत होते. पाठ करत होती.

इम्माने गॅस बंद केला. “पापा, तुमचं सिमेंटचं जाकीट कोण धुतं?”

“तू.”

“गुडघ्यांना तेल कोण चोळतं?”

“तूच.”

“मग?”

पापा खुर्चीवर बसले. “त्या दिवशी बाळाला कुणाची लागली, इम्मा?”

इम्मा करपलेला मासा कढईतून खरवडू लागली.

“ज्याची लागते, त्याच्या हातून उतरत नाही. तुला दिले असते तर ते तिथेच संपले असते.”

“म्हणजे माझे डोळे वाईट.”

“चांगले आहेत. माझ्या आईचे आहेत. पण दुसऱ्याच्या ताटावरून उठत नाहीत.”

“पापा, हिलाच द्यायचे होतेत ना,” डोरीन मध्येच म्हणाली. “मला चाललं असतं. खरंच.”

“ऐकलंत?” इम्मा ओरडली. “हिला ते नकोसुद्धा आहे!”

“म्हणूनच,” पापा म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी बशीला हात लावला नाही. गुडघे संपेपर्यंत कोबे मात्र केले, आणि इम्मा त्यांचं जाकीट धूत राहिली. पापा गेल्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्या आमच्या दारात येऊ लागल्या. डोरीनचे उच्चार ऐकून हसायच्या, पण यायच्या. इम्मा समोरच्या पापांच्या घराच्या खिडकीतून कोण येतं, कोण जातं ते बघायची आणि नंतर मला नावं सांगायची.

गेल्या वसंतात आमच्या मुलीने मोठं घर घेतलं. इम्मा ते बघून आली आणि तिचं डोकं ठणकायला लागलं. गोळ्यांनी राहिलं नाही. शेवटी ती आमच्याकडे आली आणि कोट न काढताच डोरीनसमोर मान खाली घालून बसली.

थेंब पसरला.

“कुणाची?” इम्माने विचारलं.

“तेल नाव सांगत नाही.”

“सांगितलं असतं तरी तू मला कळू दिलं नसतंस.”

डोरीनने पुन्हा केलं. मग पुन्हा. अखेर थेंब गोल राहिला. इम्माच्या चेहऱ्यावर रंग आला. ती उठली, कोटाची बटणं नीट केली.

“पापांच्या हाताने पहिल्याच वेळी जायची,” म्हणाली.

“हो, जायची,” डोरीन म्हणाली आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पाणी ओतायला बशी घेऊन मागच्या अंगणात गेली.

इम्मा तिच्या पाठीकडे बघत राहिली.

“एवढं बोललं तरी हिला काही लागत नाही,” ती मला म्हणाली.