साबण लावलेल्यानं ऐकायचं

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंड स्टेशनबाहेर परदेशात चाललेल्या युद्धाविरुद्धची पत्रकं वाटत होतो. गठ्ठा संपवूनच यवतला निघालो. मधेच सोडून आलो असतो, तर आप्पांनी तिरडीवरून उठून विचारलं असतं, "उरलेली कुणाच्या बापानं वाटायची?"

आमच्या गावात, यवतला, आप्पांचं सलून. टीव्ही कायम चालू, आणि त्यावर बाँब पडताना दिसले की बाकावर भांडण ठरलेलं. आप्पांचा कायदा एकच. जो आवाज चढवेल त्याला खुर्चीत बसवायचं, तोंडाला साबण फासायचा. दाढी होईस्तोवर त्यानं ऐकायचं, दुसऱ्यानं बोलायचं. वस्तरा गळ्यावर असताना कोण वाद घालतो? सगळ्यात जास्त वेळा मीच बसलो... दाढी धड उगवायच्या आधीपासून.

एकदा तात्या, आमचे माजी सरपंच, टीव्हीकडं बघत म्हणाले, "काय नेम हाय गड्या! मॅचपेक्षा भारी." पडद्यावर एक बाई ढिगाऱ्यातून लहान चप्पल उपसत होती. मी ताडकन उठलो आणि ओरडून माझं नवं पत्रक वाचायला लागलो. त्यात युद्धाचं कौतुक करणाऱ्यांना मी 'खाटीक' म्हटलं होतं. तात्या उसळले, "आधी बोलायची रीत शिक!" सगळं सलून त्यांच्या बाजूनं. बाँबचं कुणाला काही वाटलं नाही, माझ्या तोंडाचं वाटलं.

आप्पांनी मला साबण लावला. वस्तरा चालवत म्हणाले, "आपला खाटीक रोज सकाळी हितंच बसतो. त्यानं कुणाचं घर पाडलं रं? तेवढा शब्द काढ. आन् बाकीचं एक अक्षर जरी मऊ केलंस, तर परत हितं येऊ नको."

शोकसभेत तात्या म्हणाले, आप्पांनी या पोराला सौम्य बोलायला शिकवलं. साफ खोटं! गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली सोय घालू नका. आप्पांनी मला ऐकायला शिकवलं, गप्प बसायला नाही.

परवा, तीन आठवड्यांनी, सलूनमध्ये गेलो. आता आप्पांची सून दुकान बघते. तात्या टीव्हीसमोर ओरडत होते. तिनं खुर्चीकडं बोट केलं, "तात्या, आवाज चढला. बसा." ब्रश आप्पांचाच, मुठीला दोरा गुंडाळलेला. तात्यांच्या गालांवर साबण चढला आणि मी तेच पत्रक काढलं. "तात्या, तुम्ही ऐका," म्हणालो आणि शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द कमी. बाकी सगळं तसंच, जळजळीत.

तोंड पुसून तात्या उठले. "आता तू बस. माझंबी ऐक."

बसलो.